'सर, ओटीपी आला का?' : सक्तीची ऑनलाइन खरेदी आणि कर्मचाऱ्यांचा स्वीकार

वाणिज्य, व्यवस्थापन किंवा लोकप्रशासनात पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्यांशी बोललं की एक शीर्षक हमखास कानावर येतं : 'अमुक जिल्ह्यातील शासकीय कार्यालयांत ई-खरेदी प्रणालीबाबत कर्मचाऱ्यांच्या दृष्टिकोनाचा अभ्यास'. विषय वाईट नाही, उलट चांगलाच आहे. पण पुढचा प्रवासही बहुधा ठरलेला असतो. पाच पर्यायांची प्रश्नावली, दोन-तीनशे प्रतिसाद, एसपीएसएसमधले तक्ते, आणि शेवटच्या प्रकरणात 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणाची गरज आहे' हा निष्कर्ष. एवढं कळायला तीन-चार वर्षं कशाला लागली, असं तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं तर उत्तर देणं अवघड जाईल.

या विषयात अडचण कुठे आहे आणि त्यातून खरोखर संशोधन करण्याजोगा प्रश्न कसा काढायचा, ते आज पाहू. माझं म्हणणं थोडक्यात असं : वापर सक्तीचा असतो तिथे 'स्वीकार' हा शब्द जपून वापरायला हवा. कर्मचारी लॉगिन करतोय याचा अर्थ त्याने प्रणाली स्वीकारली असा होत नाही. त्यापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. नव्या पद्धतीत काम कुणाचं वाढलं? आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर कुणी द्यायचं?

आधी प्रणाली समजून घेऊ

उदाहरणासाठी केंद्र सरकारचं जेम पोर्टल घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या महाविद्यालयात, विद्यापीठात किंवा प्रयोगशाळेत त्याची चर्चा कधी ना कधी झालेली असते. हे पोर्टल ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं. त्याआधी केंद्राच्या खरेदीसाठी दरकरार ठरवणारं पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत नियम १४९ आला आणि जेमवर मिळणाऱ्या वस्तू व सेवा केंद्रीय मंत्रालयांनी जेमवरूनच घ्याव्यात असं ठरलं. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनीही ते स्वीकारलं. राज्यात मोठ्या निविदांसाठी महाटेंडर्सचं संकेतस्थळ वेगळं आहेच.

आता एक साधी खरेदी डोळ्यांसमोर आणा. एका तंत्रनिकेतनाला वीस खुर्च्या हव्या आहेत. जुनी वाट सगळ्यांना पाठ होती : टिपणी, मंजुरी, तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, माल आला की साठा नोंदवहीत नोंद, मग देयक. तिन्ही दरपत्रकं कधी कधी एकच दुकानदार आणून द्यायचा, हेही सगळ्यांना माहीत होतं. ऑनलाइन पद्धत आणण्यामागे जी कारणं होती त्यातलं एक हे.

नव्या वाटेवर कार्यालयप्रमुख प्राथमिक वापरकर्ता होतो. त्याची नोंदणी आधार आणि शासकीय ईमेलवर होते. तो स्वतः ऑर्डर देत नाही. तो खाली खरेदीदार, माल स्वीकारणारा, पैसे देणारा अशी खाती तयार करून देतो. माल आल्यावर ४८ तासांत तात्पुरती पोच द्यायची, १० दिवसांत तपासणी करून स्वीकृती प्रमाणपत्र काढायचं, आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे द्यायचे. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्येक पायरीला वेगळा माणूस, प्रत्येक पायरीची वेळेसह नोंद.

पण छोट्या कार्यालयात माणसं किती असतात? एक प्रमुख, एक लेखा लिपिक, एक भांडारपाल, आणि त्यातलं एक पद बहुधा रिक्त. मग चार भूमिकांचे पासवर्ड एकाच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असतात. ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर येतो आणि साहेब जिल्ह्याला बैठकीत असतात. 'सर, ओटीपी आला का?' हा फोन म्हणजे आपल्याकडच्या ई-प्रशासनाचा एक न नोंदलेला टप्पाच आहे. निविदेचं काम असेल तर डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, म्हणजे तो पेन ड्राइव्हसारखा दिसणारा तुकडा, पासवर्डसह ऑपरेटरच्या खणात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार ती स्वाक्षरी हाताने केलेल्या सहीइतकीच पक्की. आपली सही करायला कुणी शिपायाला सांगत नाही. टोकन मात्र सहज दिलं जातं.

आता सांगा, या कार्यालयात प्रणालीचा 'स्वीकार' झालाय का? पोर्टलवरची आकडेवारी म्हणेल, शंभर टक्के.

मॉडेल कुठून आलं ते विसरू नका

या विषयातले बहुतेक प्रबंध टॅम या मॉडेलवर उभे असतात. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये एमआयएस क्वार्टर्लीत ते मांडलं. एखादी प्रणाली उपयोगी पडेल असं वाटणं आणि ती वापरायला सोपी आहे असं वाटणं, या दोन गोष्टींवरून वापर ठरतो, हा त्याचा गाभा. मूळ शोधनिबंधात दोन अभ्यास होते आणि दोन्ही मिळून १५२ वापरकर्ते होते. एक अभ्यास आयबीएमच्या कॅनडातल्या प्रयोगशाळेतल्या लोकांवर, दुसरा बोस्टनच्या एमबीए विद्यार्थ्यांवर. प्रश्न होते ईमेल, मजकूर संपादक, आलेख काढण्याचे प्रोग्राम याबद्दल. म्हणजे माणसाला वाटलं तर त्याने वापरावं, नाही तर सोडून द्यावं, अशी साधनं.

आपल्या लिपिकाला सोडून देण्याची मुभा नाही. हा फरक लहान वाटतो, पण त्याने मॉडेलच्या मुळालाच हात लागतो. डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही हे पुढे जाणवलं. २००० मध्ये वेंकटेश आणि डेव्हिस यांनी टॅमची वाढवलेली आवृत्ती मांडली. त्यात असं दिसलं की 'माझ्या वरिष्ठांना मी हे वापरावं असं वाटतं' या दबावाचा वापराच्या इराद्यावर थेट परिणाम होतो, पण तो सक्ती असते तिथे. २००३ च्या यूटॉट मॉडेलमध्येही ऐच्छिकता हा वेगळा घटक म्हणून घ्यावा लागला. आणि २००२ मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी एका बँकेतल्या सक्तीच्या प्रणालीचा अभ्यास केला. त्या लेखाचं शीर्षकच 'डू आय रियली हॅव टू?' या प्रश्नाने सुरू होतं. त्यातला मुद्दा आपल्या फार कामाचा आहे : सक्तीच्या वातावरणात माणसाचं मत आणि त्याचं वागणं यांची फारकत होऊ शकते. नावडत असूनही तो वापरेल. त्यामुळे मत मोजून वापराचा अंदाज बांधता येत नाही, आणि वापर मोजून मताचाही नाही.

म्हणून टॅम घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या, पण शेवटी 'वापर' ही परिणामाची बाजू ठेवू नका. वापर सगळेच करणार आहेत. जिथे सगळ्यांचं उत्तर एकच येतं ते चल नव्हे, स्थिरांक झाला.

मग मोजायचं काय?

इथे मला खरेदी-व्यवस्थापनातली एक कल्पना फार उपयोगी वाटते. ठरलेल्या करारांना किंवा ठरलेल्या प्रणालीला वळसा घालून केलेल्या खरेदीला तिथे मॅव्हरिक बाइंग म्हणतात. आपण तिला वळशाची खरेदी म्हणू. कार्यालायनेन, केंपायनेन आणि फान राय यांचा २००९ चा जर्नल ऑफ बिझनेस एथिक्समधला लेख त्यावर आहे. त्यांनी अशी खरेदी करणाऱ्यांना सरसकट बेशिस्त न ठरवता कारणांवरून पाच प्रकार केले. हे वर्गीकरण आपल्या कार्यालयांना लावून बघा, निम्म्या प्रबंधाचा आराखडा हातात येतो.

पहिला प्रकार नकळत होणारा. अशी सोय आहे हेच माहीत नाही. बदली होऊन आलेल्या किंवा पहिल्यांदाच खरेदी समितीवर बसलेल्या प्राध्यापकाचं असं होतं. प्रशिक्षणाची गरज आहे, हा निष्कर्ष खरा ठरतो तो फक्त याच माणसाच्या बाबतीत.

दुसरा प्रकार नाइलाजाचा, आणि माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षित. माणसाला नियम माहीत आहे, तो पाळायचीही तयारी आहे, पण हवी ती वस्तू पोर्टलवर नाही, किंवा आहे ती भलत्याच दर्जाची आहे. याचं ठळक उदाहरण आपल्याच क्षेत्रातलं आहे. संशोधन संस्थांना विशिष्ट शुद्धतेची रसायनं, ठरावीक उपकरणाचाच सुटा भाग असं काही लागतं. सर्वांत कमी दर आणि नेमका दर्जा यांचं तिथे जमत नाही. अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत होत्या. शेवटी जून २०२५ मध्ये केंद्राच्या वित्त मंत्रालयाने वैज्ञानिक मंत्रालयांखालच्या संस्थांच्या प्रमुखांना संशोधनासाठी लागणारी उपकरणं आणि साहित्य जेमबाहेरून घेण्याची मुभा दिली. शिवाय दरपत्रकाशिवाय थेट खरेदीची मर्यादा त्यांच्यासाठी १ लाखावरून २ लाख रुपये केली. म्हणजे नियमच बदलावा लागला. त्याआधी जर कुणी 'वैज्ञानिकांचा ई-खरेदीला विरोध' असा प्रबंध लिहिला असता, तर जिथे प्रणालीची उणीव होती तिथे त्याला माणसांची मनोवृत्ती दिसली असती.

तिसरा प्रकार सवयीचा. कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला ओळखीचा आहे, फोन केला की टोनर तासाभरात टेबलावर येतो, बिल नंतर बघू. चौथा सद्हेतूचा : पोर्टलवर महाग दिसतंय, बाजारात स्वस्त मिळतंय, मग सरकारचे पैसे वाचवले तर बिघडलं कुठे? हा माणूस स्वतःला प्रामाणिक समजतो आणि बऱ्याचदा तो असतोही. पाचवा दुर्हेतूचा. जुन्या पद्धतीत ज्याचा हात ओला होत होता त्याला नवी पद्धत नको असते, यात नवल नाही.

सार्वजनिक चर्चेत मात्र सगळा भर या पाचव्यावर असतो. कर्मचारी विरोध करतात कारण त्यांचं 'वरचं' बंद होतं, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. इथे इटलीतला एक अभ्यास आठवावा. बांदिएरा, प्राट आणि व्हॅलेत्ती यांनी २००९ मध्ये तिथल्या सार्वजनिक संस्थांनी कागद, संगणक अशा सर्वसाधारण वस्तूंना मोजलेल्या किमती तपासल्या. उधळपट्टीचे त्यांनी दोन भाग केले : खरेदी करणाऱ्याचा ज्यात फायदा होतो ती, आणि ज्यात कुणाचाच फायदा होत नाही ती. त्यांच्या अंदाजानुसार ८३ टक्के उधळपट्टी दुसऱ्या प्रकारची होती. अज्ञान, कंटाळा, किचकट नियम. इटलीचा आकडा उचलून आपल्याकडे लावायचा नाही हे उघड आहे. पण आधीच लबाडी गृहीत धरून प्रश्नावली बनवू नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

भीती कशाची आहे?

शासकीय कार्यालयात खरेदीचं काम सहसा कुणाला नको असतं. हे आळसामुळे नाही. खरेदी करून कुणाला बढती मिळत नाही, पण खरेदीतल्या चुकीमुळे सेवानिवृत्तीचे लाभ अडकू शकतात. लेखाआक्षेप प्रलंबित असेल, वसुली निघाली असेल, तर ना-देय प्रमाणपत्र थांबतं. दोन वर्षांनी निवृत्त होणाऱ्या भांडारपालाला तुम्ही 'ही प्रणाली वापरायला सोपी आहे असं आपल्याला वाटतं का?' असं विचारता. त्याच्या मनातला प्रश्न वेगळाच असतो : 'माझ्या लॉगिनवरून झालेल्या ऑर्डरचा आक्षेप चार वर्षांनी आला, तेव्हा हे साहेब इथे असतील का?'

कागदी नस्तीत त्याला एक आधार होता. टिपणीवर खालून वरपर्यंत सह्या असायच्या. जबाबदारी वाटली जायची. काही वेळा इतकी वाटली जायची की कुणाचीच राहायची नाही, हेही खरं. पोर्टलवर मात्र ज्याने बटण दाबलं त्याचं नाव आणि वेळ. निर्णय केबिनमध्ये तोंडी झालेला असतो, नोंद लिपिकाच्या नावावर. मग तो काय करतो? प्रत्येक पडद्याची प्रिंट काढतो, टिपणी लिहितो, साहेबांची सही घेतो आणि नस्तीला लावतो. म्हणजे आधी एक काम होतं, आता दोन झाली. बाहेरून आलेल्या सल्लागाराला ही 'कागदाची सवय' वाटते. खरं तर तो लिपिकाचा विमा आहे.

या मुद्द्यावर पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतातला एक प्रयोग वाचण्यासारखा आहे. बांदिएरा, बेस्ट, खान आणि प्राट यांचा तो लेख २०२१ मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आला. सुमारे ६०० खरेदी अधिकारी त्यात होते. त्यांनी घेतलेल्या सर्वसाधारण वस्तूंचे तपशील एका ऑनलाइन प्रणालीत भरले जात, त्यामुळे पेनाची पेनाशी, कागदाची कागदाशी तुलना करता आली. काहींना चांगल्या कामासाठी बक्षिसाची रक्कम ठेवली. काहींना जास्त मोकळीक दिली : हातात थोडी अधिक रोख, लेखा कार्यालयाला दाखवायच्या कागदपत्रांची एकच ठरलेली यादी, निधी वेळेवर. मोकळीक दिलेल्यांच्या खरेदीच्या किमती सरासरी ९ टक्क्यांनी उतरल्या, दर्जा न घसरता. नुसत्या बक्षिसाचा परिणाम एवढा सरळ नव्हता. तपासणारा लेखा अधिकारी कसा आहे यावर तो अवलंबून होता.

ती कागदपत्रांची यादी मला सगळ्यात बोलकी वाटते. आक्षेप कशावर निघेल आणि कशावर निघणार नाही हे आधीच लेखी माहीत असणं. कर्मचाऱ्यांना ऑनलाइन खरेदीत सोबत घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागेल. एक दिवसाची कार्यशाळा, त्यात पीपीटी, चहा आणि प्रमाणपत्र, हे मार्चच्या तोंडावर होतं आणि एप्रिलमध्ये विसरलं जातं. त्याऐवजी लेखापरीक्षक आणि खरेदी करणारे एका टेबलावर बसून 'पोर्टलवरची नोंद हाच पुरावा मानू, वेगळी प्रिंट मागणार नाही' असं लेखी ठरवतील, तर दुहेरी काम त्या दिवशी निम्मं होईल. प्रमुखाने स्वतःचं लॉगिन स्वतः चालवणं हीसुद्धा अशीच गोष्ट. अडलं तर फोन करायला ओळखीचा माणूस हवा, हे तर कुठल्याही कार्यालयात विचारा. पण या शेवटच्या दोन गोष्टी पहिली झाली नाही तर फार पुढे नेत नाहीत, असं मला वाटतं. हे माझं मत आहे, तुम्ही ते तपासण्याजोगं गृहीतक म्हणून घेऊ शकता.

आणि ऑनलाइन झालं की सगळं स्वस्त होतं, हेही गृहीत धरू नका. भारतातल्या ग्रामीण रस्त्यांच्या आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक कामांच्या ई-निविदांवर लुईस-फॉपेल, नेगर्स, ओल्केन आणि पांडे यांचा २०१६ चा अभ्यास आहे. त्यात किमती कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. सुधारली ती गुणवत्ता : भारतात रस्त्यांचा दर्जा, इंडोनेशियात काम वेळेत होणं. कर्मचाऱ्यांना 'पैसे वाचतील' म्हणून प्रणाली विकायची आणि पैसे वाचले नाहीत की त्यांचा विश्वास गमवायचा, असं यातून होतं.

विदा कुठे सापडेल

प्रश्नावली नको असेल तर काय? कागद आणि पडदा यांच्यातलं अंतर मोजा. पुरवठादाराच्या चलनावरची तारीख, साठा नोंदवहीतली तारीख आणि पोर्टलवरच्या स्वीकृतीची तारीख शेजारी शेजारी ठेवा. तिन्ही जुळल्या तर काम प्रणालीतून होतंय. माल आधी आणि ऑर्डर नंतर असं दिसलं, तर खरेदी फोनवर झाली आणि पोर्टलवर फक्त तिची नोंद झाली.

दुसरी जागा रकमांची. २०१७ च्या नियमांत जेमवरून थेट, म्हणजे तुलना न करता घ्यायची मर्यादा ५०,००० रुपये होती. एप्रिल २०१९ मध्ये ती २५,००० केली, पुढे पुन्हा वर नेली. मर्यादेच्या जरा खाली ऑर्डरींची गर्दी दिसते का, आणि मर्यादा बदलली तशी ती गर्दीही सरकते का? सरकत असेल तर खरेदीचे तुकडे पाडले जात असल्याचा तो चांगला पुरावा, आणि तोही कुणाला अवघड प्रश्न न विचारता. नोंदी पोर्टलवर न मिळाल्या तर माहिती अधिकारात नेमकं नोंदवहीचं नाव आणि आर्थिक वर्ष लिहून मागा. 'ई-खरेदीबाबत सर्व माहिती' असा अर्ज केलात तर नकारच येईल.

मुलाखती मात्र टाळू नका, कारण 'का' हे तारखांतून कळत नाही. फक्त फॉर्म कार्यालयप्रमुखांमार्फत वाटू नका. साहेबांच्या शिपायाने गोळा केलेल्या प्रश्नावलीत सगळेच समाधानी निघतात. आणि तुम्ही जे विचारणार आहात, म्हणजे पासवर्ड कुणाकडे असतो, माल आधी येतो का, त्याच्या उत्तरावर विभागीय चौकशी लागू शकते. नाव गाळणं पुरेसं नाही. 'भांडारपाल, वय ५६, अमुक तालुका' असं तक्त्यात छापलंत तर तालुक्यातल्या प्रत्येकाला माणूस कळतो, कारण तिथे भांडारपाल एकच असतो. तालुक्याऐवजी महसुली विभाग लिहा, वयाऐवजी सेवाकाळाचे मोठे गट करा, आणि मूळ नोंदींची वही व ध्वनिमुद्रणं विभागाच्या सामायिक संगणकावर किंवा उघड्या कपाटात ठेवू नका.